इम्पायर, अंपायर

आष्टी तालुक्यात कुठंही टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा ठरली, की माइकवर समालोचनाला शहादेवच लागायचा. माणूस शेळ्या राखणारा. माळावर लांब गेलेल्या शेळ्यांना हाका मारून आवाज असा कमावलेला, की स्पीकर बंद पडला तरी मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाई. शाळा सातवीतच सुटलेली. क्रिकेटचे शब्द सगळे ऐकून उचललेले. ब्याट्समन, बाँड्री, शिक्सर. आणि पंच म्हणजे इम्पायर.

यंदा सरपंच भगवानरावांनी गावातले सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं ठरवलं. शहादेवची मुलगी संस्कृती नगरला होस्टेलवर राहून शिकते. तिच्या मैत्रिणींनी पहिला सामना मोबाईलवर पाहिला. 'इम्पायर' ऐकून एकीला हसू आवरेना. माइकवरचा माणूस आपला बाप आहे, हे संस्कृतीला तेव्हा सांगवलं नाही. तेच तिच्या मनाला लागून राहिलं.

शनिवारी ती घरी आली. शेळ्यांमागं चालता चालता म्हणाली, "आप्पा, इम्पायर न्हाई, अंपायर म्हणायचं. अन् बाँड्री न्हाई, बाउंड्री."

"कावून? आजवर कुणाला कळलं न्हाई का?"

"कळतंय की. पण आता लांबलांबची माणसं बघत्यात. हसत्यात."

शहादेवनं विचारलं, "तुला कुणी हसलं का?"

"मला न्हाई. तुमाला."

"मंग शिकव," तो म्हणाला.

रविवारी अंतिम सामना होता. शहादेव जपून बोलू लागला. नीट शब्द आठवेपर्यंत चेंडू सीमेपार गेलेला असायचा. "अंपायरनं बोट वर केलंय," असं तो म्हणाला, तसं गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हा अंपायर कोण बे? मोहनरावाला काढलं का?" पंच म्हणून उभे असलेले मोहनरावही वळून बघायला लागले. सगळे हसले. शहादेवही हसला, पण त्याचा आवाज दबल्यासारखाच राहिला. लोक आपापसात गप्पा मारू लागले.

बायकांत बसलेली संस्कृती उठली आणि मंडपात त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आप्पा, तुमच्या रीतीनं बोला."

"अन् तुझ्या मैत्रिणी?"

"त्यांना आत्ताच मेसेज केलाय, हा माझा बाप हाय म्हणून."

"काय म्हणल्या?"

"आवाज लई भारी हाय म्हणल्या."

शहादेवनं दुसरा माइक तिच्या हातात दिला. "मंग तू बी बोल. लांबच्यांना तू सांग, जवळच्यांना मी सांगतो."

पुढचाच चेंडू मैदानाकडेच्या बाभळीवरून गेला. "शिक्सर!" शहादेव गरजला. "सिक्स!" संस्कृतीचा आवाज कापत आला. त्यानंतर बापलेकीनं सामना असा रंगवला, की गप्पा मारणारी माणसं पुन्हा सीमेच्या दोरीपाशी येऊन उभी राहिली. मधेच एकदा संस्कृतीच्या तोंडून 'इम्पायर' निघालं आणि शहादेवनं तिला माइकवरच दुरुस्त केलं. तेव्हा तर मोहनरावांनी टोपी काढून सलाम ठोकला.

बक्षिसं वाटून झाल्यावर भगवानराव संस्कृतीला म्हणाले, "पुढच्या महिन्यात पोरींची कबड्डी घ्यायची म्हणतोय. बोलशील का माइकवर?"

तिनं बापाकडं बघितलं. तो वायरी गुंडाळत होता, पण कान इकडंच होते.

"बोलंन की," ती म्हणाली.

आता ती सुट्टीला आली, की शाळेच्या मैदानावर मुलींचा कबड्डीचा सराव बघत बसते आणि कोण कशी चढाई करते ते त्यांनाच विचारून घेते.