चपलेमागे टेकडीवर

देवावरचा माझा विश्वास मोबाइलला रेंज असेपर्यंतच टिकतो, हे मला थेट मेक्सिकोत जाऊन कळलं.

भिवंडीजवळ शेलारला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढून कंटाळलो, म्हणून मनासारखे फोटो काढायला एकटाच एवढ्या लांब गेलो. आईच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन मी परतल्यावर व्हायचं होतं. पण एका संध्याकाळी डोंगरातल्या एका गावाकडे जाताना ताईचा मेसेज आला, 'आईला फार दुखतंय, आजच ऑपरेशन करतायत.' पुढच्याच वळणावर रेंज गेली ती गेलीच. माझी गाईड रोसा, माझ्या मावशीच्या वयाची. ती म्हणाली, रस्ता वाईट आहे, उजाडेपर्यंत गाडी फिरवता येणार नाही. गावात मुक्कामी मी रात्रभर दत्तगुरूंचं नाव घेत बसलो आणि मधूनमधून त्यांच्यावर चिडतही राहिलो.

सकाळी निघण्याआधी तिने मला गावच्या चर्चमध्ये नेलं. आत फोटोंना सक्त मनाई, म्हणून कॅमेरा तिच्याकडे दिला आणि सवयीने चपला दारात काढल्या. आत जमिनीवर पाइनची हिरवी पानं अंथरलेली, त्यांच्यामध्ये मेणबत्त्या तेवत होत्या. एका आजीने सरकून जागा दिली. समोरची मूर्ती कुणाची, ठाऊक नव्हतं. डोळे मिटले आणि म्हटलं, "महाराज, आई आता तुमच्यावर सोपवली. मला काही सुचत नाही." जीव एकदम हलका झाला.

बाहेर येतो तर एक काळा कुत्रा माझी चप्पल तोंडात धरून उभा!

"चर्चच्या दारात कुणी चपला काढतं का रे?" रोसा पोट धरून हसत होती.

"आमच्याकडे सगळे काढतात!" असं ओरडत, उरलेली चप्पल पायात अडकवून मी त्याच्यामागे पळालो. तो थांबायचा, वळून बघायचा, मी जवळ गेलो की पुन्हा धूम ठोकायचा. पार टेकडीच्या माथ्यावर नेलं पठ्ठ्याने. तिथे चप्पल खाली ठेवून तो निवांत बसला. मी धापा टाकत वाकलो आणि खिशातला फोन वाजला. ताईने फोन आईच्या कानाला लावला होता.

"आरं, मी बरी हाय. गाठ काढली. काय काळजी न्हाय, म्हनतात डॉक्टर. तू जेवलास का न्हाय?"

मी तिथेच मटकन बसून रडलो. मागून आलेली रोसा म्हणाली, "इतकी वर्षं या गावात येते, पण इथे फोन लागतो हे मलाच माहीत नव्हतं."

दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. हा त्यांनी धाडलेला की कातड्याच्या वासाने आलेला, यावर मला वाद घालायचा नाही. आईला त्यांच्यावर सोपवून मी उठलो आणि पुन्हा स्वतःच्या चपलेसाठी धावत सुटलो. तरी त्यांनी मला हवं तिथे पोहोचवलंच.

कुत्रा अजून त्या चपलेकडे आशेने बघत होता. मी पायातली दुसरीही काढली, दोन्ही त्याच्यापुढे ठेवल्या, हात जोडले आणि अनवाणीच टेकडी उतरलो.