मेव्हण्याची बढती

बायकोचा वाढदिवस माझ्या लक्षात राहत नाही, पण मेव्हण्याचा पगार तोंडपाठ आहे. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, सगळं. राज्य सरकार कुठल्या पदाला किती देतं ते उघडउघड वेबसाइटवर टाकतं, मग मोबाईलवर बघायला आपलं काय जातं? भत्ता वाढल्याची बातमी आली की त्यांच्याआधी मी हिशेब करून मोकळा. बायको म्हणते, "एवढा अभ्यास शाळेत केला असता तर तुम्हीच अधिकारी झाला असतात." म्हणू दे.

मेव्हणे म्हणजे माझ्या ताईचे यजमान. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि पाठीमागे 'साहेब'. सरकारी कचेरीत अधिकारी आहेत, आणि काम काय, तर दुसऱ्या अधिकाऱ्यांचे पगार ठरवणं! किडकिडीत माणूस. खिशाला एकच पेन. कचेरीतून शेवटी निघाले तर सगळे दिवे-पंखे बंद करून निघतात, बिल सरकार भरतं तरीही. आवाज कधी चढत नाही. चढेल कशाला? मंदी येवो नाहीतर आणखी काही, महिना भरला की पगार जमा. आणि आम्ही? माझं मोटारी भरायचं दुकान. पंखे, पंप, मिक्सर. जळलेली तार काढायची, तांब्याची नवी भरायची, वॉर्निश लावून सुकवायचं. बोटांना कायम चिरा. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नाही आणि थंडीत दिवसभर माश्या मारत बसायचं. मी आजारी पडलो तर शटर बंद, कमाई बंद. ते आजारी पडले तर भरपगारी रजा! सांगा, जीव जळणार नाही?

पण नुसत्या पगारावरून मी एवढा जळलो नसतो. माझी आई त्यांच्याकडे राहत होती, ते खरं दुखणं. आमच्या न्हाणीघरात ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ताई म्हणाली, महिनाभर माझ्याकडे राहू दे, आमच्याकडे लिफ्ट आहे. तीन वर्षं झाली, तो महिना काही संपेना. माझं ठाम मत होतं की हा सगळा पगाराचा खेळ. लिफ्ट पगाराची, गादी पगाराची, मऊ बोलणंही पगाराचं. माझी आई त्या पगाराने पळवली.

मग मीही इरेला पेटलो. दुकानामागची सामानाची खोली रिकामी केली. तळमजला, एकही पायरी नाही. गुळगुळीत फरशी उखडून खरखरीत बसवली, भिंतीला धरायला दांड्या लावल्या, उशाशी घंटेचं बटण दिलं. कुठेही हात आखडता घेतला नाही. आईला फोन करून म्हणायचो, "ये आता." ती म्हणायची, "बघू." दर वेळी आपलं "बघू."

अशात त्यांच्याच कचेरीतला एक कारकून पंखा घेऊन दुकानात आला. बोलता बोलता म्हणाला, "बढत्यांची यादी लागायचीय आमच्याकडे. तुमच्या मेव्हण्यांचं नाव कापलं म्हणे. हाताखालच्याचं पुढे गेलं."

लपवू कशाला, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या पंख्याचे मी निम्मेच पैसे घेतले. सरकारी माणसाची बढती हुकते कधी? चौकशी लागली तरच! बायकोला सांगितलं, शेजारच्या टायरवाल्याला सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं तरी सांगितलं. बायको म्हणाली, "जिभेला काही हाड?"

रविवारी आईला भेटायचं निमित्त करून दुकानाचा टेम्पो काढला आणि ताईकडे गेलो. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत आई पलंगावर आडवी होती. मेव्हणे तिच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवून पाय हळूहळू वर उचलत होते. "अजून थोडा, आई. शाब्बास."

"फार छळता बाई तुम्ही मला," आई म्हणाली आणि हसली. माझ्याशी ती इतक्या लाडात कधी बोलली होती? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाहेर चहा आला. मी म्हटलं, "काय भाऊजी, यादीत तुमचं नाव नाही म्हणे?"

"नाही," ते म्हणाले.

"चौकशी-बिवकशी तर नाही ना लागली? ओढाताण होत असेल तर सांगा. आईला मी घेऊन जातो. माझी खोली तयार आहे."

ताईने कप आदळला. "चौकशी? अरे, बढती नाकारली त्यांनी! लेखी दिलंय, नको म्हणून. ही दुसरी वेळ!"

"जाऊ दे ना," मेव्हणे म्हणाले.

"का जाऊ दे? हा गावभर बोंबलत फिरेल. बढती घेतली की बदली पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. माझी पाठ ही अशी दुखरी, आईला मला एकटीला उचलता येत नाही. व्यायाम चुकला की तिचा पाय आखडतो. म्हणून नको म्हणाले. आता निवृत्त होतील याच पगारावर. झालं समाधान?"

"हळू बोल," म्हणत त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. पण उशीर झाला होता. वॉकर धरून आई दारात उभी होती. तिला यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"यादी लागायच्या आत ते पत्र परत घेता येतं?" तिने जावयाला विचारलं.

"आई, मी इथे सुखात आहे."

"मी विचारलं ते सांगा."

"येतं," ते खाली बघत म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. "खोली तयार आहे म्हणालास ना? मग माझे कपडे भर."

हेच ऐकायला माझे कान आसुसले होते! मी बॅग कुठे, साड्या कुठे करत घरभर नाचलो. ताई डोळे पुसत होती. मेव्हण्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला, गुंडाळी कशी करायची, पाय किती उचलायचा ते दाखवलं. "दुखलं तरी त्या सांगत नाहीत. कपाळाला आठी पडते, तिकडे लक्ष ठेवा." माझ्या आईचं कपाळ मला यांनी शिकवायचं! आणि मला ते खरोखरच माहीत नव्हतं. इतका हेवा मला त्यांच्या पगाराचाही कधी वाटला नव्हता.

त्यांनीच तिला धरून टेम्पोत बसवलं, वॉकर मागे नीट बांधला. आम्ही निघालो. वळणापर्यंत आई मान वळवून मागेच बघत होती. मला राहवेना.

"आई, आता कायमची ना?"

"हो."

"मनापासून येतेयस ना?"

तिने पदराने डोळे टिपले. "खोटं कशाला बोलू रे? त्यांची बढती माझ्यापायी अडली, म्हणून येतेय. नाहीतर नसते आले."

पुढे खड्डा होता. मी टेम्पो हळू केला आणि तिच्या कपाळाकडे बघितलं.