रिकामी मात्रा

स्टुडिओत आमच्या बँडचं रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. ड्रमर सदा शेजारी मांडीवर ताल धरून होता. पहिल्या मात्रेला त्याचा हात नेहमीसारखा हवेत गेला आणि स्पीकरमधून दाणकन ठोका आला. हात तिथेच राहिला.

"तुमचा पहिला बीट सारखा राहत होता," रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ म्हणाले, "मी भरून टाकला. आणि लोकल टच म्हणून जरा ढोलकी."

"राहत नव्हता हो," सदा म्हणाला. "मी सोडत होतो."

मिरजेचा जॅझ-रॉक म्हणजे वेगळं काय, असं लोक विचारतात. गिटार जगात सगळीकडे तीच. पण आमच्या गावात गाणं ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगात रूपक ताल असतो, आणि सात मात्रांचा हा ताल सुरूच खालीने, म्हणजे बिनठोक्याच्या मात्रेने होतो. जिथे बाकीचे टाळी देतात तिथे आम्ही नुसता हात उघडतो. सदाने तेच ड्रमवर आणलं. अख्खा बँड त्या न वाजलेल्या ठोक्याला टेकून उभा आहे. ह्या माणसाला आमचं गाव ऐकवायचं होतं, आणि जेवढं गाव होतं तेवढंच नेमकं त्याने बुजवलं. वर ढोलकी.

"पण ऐकणाऱ्याला वाटेल, ड्रमर चुकला," ते समजुतीने म्हणाले.

"वाटू दे," मी म्हटलं. "ढोलकी ठेवा, हवं तर फेटे बांधून फोटोही काढतो. ती एक जागा आधी रिकामी करा. तिथे आम्ही राहतो."