निवडीआधीचा सत्कार

माझी निवड होण्यापूर्वी माझा सत्कार झाला. आमच्या दिंद्रुडमध्ये हाच क्रम चालतो.

मी मातीचा शास्त्रज्ञ. अठरा वर्षं प्रयोगशाळेत मातीशी बोललो, तिने कधी उलट प्रश्न विचारला नाही! मग देवाणघेवाणीच्या एका योजनेतून परदेशी विद्यापीठात वर्षभर शिकवायची संधी दिसली. एकच पायरी उरली होती: व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटांचा तास घेऊन दाखवायचा. शिकवता येतं हे त्यांना पटलं तरच निवड. (तोवर मी बायकोलाही काही पटवू शकलो नव्हतो.)

माझे चुलते आबा, माजी सरपंच. त्यांना मी फक्त "निवडीचं चाललंय" एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर भलामोठा फ्लेक्स! वर माझा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या बारक्या मुंडक्यांची रांग.

"आबा, अजून निवड झाली न्हाई हो!"

"मग काय झालं? आमी बी निवडणुकीआधीच गुलाल आणलता."

"आणि पडलात!"

"पडलो. गुलाल पुढल्या येळंला कामी आला!"

खरं तर मी तो फ्लेक्स उतरवायला सांगायला हवं होतं. मी फक्त फोटो बदलायला सांगितला. (त्यात टक्कल दिसत होतं.) आबांनी लगेच दुसरा छापून घेतला.

कॉलच्या दिवशी टेबलावर लॅपटॉप, शेजारी काळ्या मातीचं ढेकूळ आणि पाण्याचा तांब्या. पडद्यावर एक प्राध्यापक बाई आणि एक गृहस्थ. दहाव्या मिनिटाला गृहस्थांनी जांभई दिली. बाईंनी विचारलं, "ही माती फुगते, म्हणजे नेमकं काय होतं?" मी समीकरण दाखवलं. गृहस्थांनी दुसरी जांभई दिली!

तेवढ्यात दार उघडलं. आबा, मागे हलगीवाला, त्याच्यामागे अर्धी गल्ली!

"आबा, परीक्षा चालू हाय माझी!"

"म्हणूनच आलो. पाव्हणे समोर हायत तवर सत्कार उरकून घिऊ!"

माझ्या गळ्यात हार पडला. आमच्याकडे पाहुण्याला शालीविना सोडत नाहीत, म्हणून एक शाल लॅपटॉपवर पडली. शालीखालून बाई "हॅलो? हॅलो?" करत होत्या. मी शाल ओढली, तर बाईंचा तोच प्रश्न!

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

"माती फुगती म्हंजी काय, इचारत्यात."

"एवढंच व्हय?" आबांनी ढेकळावर तांब्या ओतला. "बघा बाई, पानी पेली की ही अशी फुगती. वाळली की भेगाळती. असल्याच एका भेगंत आमच्या म्हशीचा पाय मुरगळलता!" आणि ती कशी लंगडायची, ते खोलीभर चालून दाखवलं.

बाई खळखळून हसल्या. गृहस्थ चक्क लिहून घेऊ लागले. मी भाषांतर करत होतो. माझ्याच तासाला मी दुभाषा!

चार दिवसांनी पत्र आलं: 'निवड झाली आहे. प्रात्यक्षिक अप्रतिम. ते ज्येष्ठ सहकारी सोबत येऊ शकतील का?' आनंद झाला, आणि आबांचा हेवाही वाटला. तरी शहाण्यासारखं ते पत्र मी घरात आबांसकट सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं!

आता मी तिकडे एकटाच शिकवतो. पोरं पेंगायला लागली की म्हैस लंगडून दाखवतो.

निघालो त्या दिवशी स्टँडवर नवा फ्लेक्स लागला होता. वर आबांचा फोटो, फेट्यासकट. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, हलगीवाल्याच्या शेजारी, मी. आणि फोटो जुनाच वापरला होता, टक्कलवाला!