घंटा ऐकू येईल इतपत वीज

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली, तेव्हा देवघरातली पितळी घंटा आम्ही त्यांच्या उशाशी ठेवली. काही हवं असलं की ते डाव्या हातानं ती वाजवायचे. पडून पडून पाठीला जखम झाली म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. तिचा पंप विजेवर, आणि हडपसरला तेव्हा रोज चार-चार तास भारनियमन. वीज गेली की गादी बसायची आणि भरत आलेली जखम पुन्हा ओली व्हायची.

त्या एवढ्याशा पंपाला इन्व्हर्टर आणि एक बॅटरी पुरली असती. पण मला फ्रीज हवा होता, मिक्सर हवा होता. नाव बाबांचं, हौस माझी! लोणी काळभोरचा आतेभाऊ मळ्यावरचा जनरेटर टेम्पोत घालून घेऊन आला.

"ताई, आठवडाभर वापरून बघ. आख्खं घर चालंल. बॅटरीचं काय खरं हाय?"

परसात त्यानं दोरी ओढली आणि खिडक्या थरथरल्या. शेजारच्या काकांनी कुंपणावरून ओरडून विचारलं, "गिरणी टाकलीत वाटतं? दळण आणू का?" मी दार लावून घेतलं आणि खुशाल चटणी वाटायला बसले.

अर्ध्या तासानं चहा घेऊन खोलीत गेले. बाबांच्या हातातली घंटा जोरजोरात हलत होती, आणि मला तिचा आवाज येत नव्हता. त्यांचा लुळा पाय कॉटच्या दांड्यांत अडकला होता. किती वेळ वाजवत होते, कोण जाणे. पाय सोडवला. नुसता वळ उठला होता. बाबांनी चहा घेतला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

जनरेटर संध्याकाळीच परत धाडला. पण त्यानंतर बाबा घंटा मुठीतून सोडेनात, झोपेतसुद्धा.

इन्व्हर्टर बसला त्याच दुपारी वीज गेली. पंप मात्र चालू होता. तेवढ्यात घंटा वाजली. धावत गेले. "काय हवंय, बाबा?" त्यांनी मान हलवली. काही नको. ओट्यापाशी पोचते तोच पुन्हा घंटा. पुन्हा काही नको. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तिथूनच ओरडले, "ऐकू येतंय हो, बाबा!"

घंटा थांबली. किती दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला! थोड्या वेळानं डोकावले, तर बाबा घोरत होते. घंटा उशाशी होती आणि मूठ उघडी.