मे महिन्यात गोठलेलं खोबरेल

दशरथ परबाचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. मुलुंडला चंद्रप्रकाश शेठच्या फोटो स्टुडिओमागे जी डार्करूम होती, तिथे एक थर्मामीटर खिळ्याला टांगलेला असे. पण दशरथ आधी कोपर बुडवायचा आणि मग थर्मामीटर बघायचा, तेही थर्मामीटर बरोबर सांगतोय की नाही हे तपासायला. ही गिरणीतली सवय. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून गिरणीत खात्याखात्यात दमट, गार हवा सोडणारा एक प्लँट असायचा. त्या प्लँटवर त्याने एकोणीस वर्षं काढली होती. ब्याऐंशीच्या संपात ती नोकरी गेली, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

वर्षभर घरी बसून बायकोचं, मालनचं, डोकं खाऊन झाल्यावर तो या डार्करूमला चिकटला आणि चिकटलाच. लाल दिव्याच्या उजेडात, ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर एखाद्या नवरीचं नाक आधी आणि डोळे मागाहून उमटू लागले की त्याला हसू यायचं. हजारो नवऱ्या पाहून झाल्या तरी यायचं. मालन म्हणायची, ‘‘गिरणीतून यायचात तेव्हा कधी असे हसत नव्हतात हो.’’ खरंच होतं ते. एवढं आवडणारं काम आपल्याला चाळिशी उलटल्यावर मिळावं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटायचं.

पण मे महिना आला की या सुखाची वाट लागायची. रोल धुवायचं औषध, म्हणजे डेव्हलपर, वीस अंशांवर असावं लागतं आणि मुलुंडला मे महिन्यात नळाचं पाणीच बत्तीस. गरम औषधात रोलवरचा थर मऊ पडतो आणि ओल्या साबणासारखा सुटून येतो. बर्फ आणावा, तर रसवाले आणि सरबतवाले सकाळीच सगळा उचलून नेत. मिळालाच तरी औषध कधी चौदावर, कधी पंचविसावर. सत्याऐंशीच्या मे महिन्यात एका लग्नाचा अख्खा रोल असाच गेला. नवरीचा बाप दुकानात येऊन शेठला जे जे बोलला, ते दशरथने आत अंधारात उभं राहून ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये शेठने विषय काढला. ‘‘परब, माझं तुमच्याशी काय वाकडं नाय. पण अजून एक रोल गेला ना, तर डार्करूम खलास. भिंत तोडून व्हिडिओ लायब्ररी टाकतो. तुम्ही काउंटरवर बसा. पगार तोच, वर पंखा पण देतो.’’

शेठ माणूस चांगला, म्हणून तर पंचाईत. भांडायलाही जागा नव्हती. पंख्याखाली बसून लोकांना कॅसेटी द्यायच्या आणि परत घ्यायच्या, ही कल्पनाच दशरथला सोसेना.

मे उजाडला तसं त्याने हे गाऱ्हाणं अंबादास गावसाकडे नेलं. अंबादास त्याचा गिरणीतला दोस्त, वायरमन. आता घाटकोपरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याच्याकडे भंगारातून आलेलं, कुठल्याशा प्रयोगशाळेतलं एक परदेशी यंत्र पडून होतं. त्यातून त्याने चौकोनी बिस्किटाएवढ्या दोन पांढऱ्या चकत्या काढल्या होत्या. प्रत्येकीला दोन वायरी.

‘‘करंट दिला की एक बाजू गार पडते. गॅस नाय, मोटर नाय, आवाज नाय,’’ अंबादासने वायरी बॅटरीला लावल्या. ‘‘हात लाव बघू.’’

दशरथने नेमका उलट्या बाजूला हात लावला आणि बोट तोंडात घातलं. मग गार बाजूला लावला आणि त्याचा चेहरा खुलला. तो पुरता खुलतोय तोवर गार बाजूही तापली, जळका वास आला आणि चकती कायमची गप्प झाली. एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ढकलायची एवढंच त्या बिचारीचं काम. ढकललेली उष्णता पुढे कोणी नेलीच नाही, तर ती स्वतःच भाजून निघणार. हे दोघांना कळलं, पण एक चकती गमावून कळलं.

उरली एक. तिच्यासाठी अंबादासने गणेशोत्सवाच्या जुन्या अँप्लिफायरमधून पात्या-पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला आणि त्याच्या पात्यांना छोटा पंखा बसवला. ‘‘चकती आणि धातूच्या मधे हवा राहता कामा नये. पांढरी पेस्ट मिळते लॅमिंग्टन रोडला, शनिवारी आणतो. तोवर हात लावू नकोस,’’ असं बजावून त्याने सगळं सामान, बॅटरीच्या चार्जरसकट, दशरथच्या पिशवीत भरलं. म्हणजे चूक अंबादासचीच.

शनिवारपर्यंत थांबेल तो दशरथ कसला! आणि मालवणी माणसाच्या घरात पेस्टीवाचून कधी काय अडलंय? दार करकरलं, खोबरेल. बोट कापलं, खोबरेल. दशरथने चकतीच्या दोन्ही बाजूंना बोटभर खोबरेल चोपडलं, खाली पात्यांचा ठोकळा, वर पाण्याने भरलेला स्टीलचा डबा, आणि रविवारी दुपारी चाळीच्या गॅलरीत चार्जर चालू केला.

दहा मिनिटांनी मालन वाकून बघते तो काय, डब्याखालून ओघळलेलं तेल पांढरंफटक!

‘‘अहो, तेल गोठलं!’’ ती केवढ्यांदा ओरडली. ‘‘मे महिन्यात तेल गोठलं!’’

मुंबईत खोबरेल गोठलं की थंडी आली असं समजतात, आणि तीही आठ-पंधरा दिवसांची पाहुणी. इथे घामाच्या धारा लागलेल्या आणि डब्याखाली थंडी येऊन बसलेली. अख्खी चाळ बघायला लोटली. शेजारच्या शांताबाईंनी त्या गोठलेल्या तेलाचा कपचा काढून कपाळाला लावला आणि ‘‘देव तुमचं भलं करो’’ म्हणाल्या. दशरथला आकाश ठेंगणं झालं.

ते पाच मिनिटं ठेंगणं राहिलं. वर तेल गोठत होतं तसं खाली तापलेल्या बाजूचं पातळ होत होतं. ते पात्यांतून झिरपून पंख्यावर पडलं आणि पंख्याने ते इमानेइतबारे उडवलं: भिंतीवर, दशरथच्या बनियनवर आणि शांताबाईंनी वाळत घातलेल्या सगळ्या पापडांवर. शांताबाईंनी देवाला दिलेला अर्ज तिथल्या तिथे मागे घेतला. डब्यातलं पाणी सव्वीसवर येऊन अडलं आणि परत चढू लागलं.

मालन हसून हसून खाली बसली. दशरथ मात्र चकतीकडेच बघत होता. वर दगडासारखं तेल, खाली पाण्यासारखं तेल. मधे बिस्किटाएवढी जागा. गार करायला चकती कमी पडतच नव्हती. कमी पडत होता पंखा, कारण त्याला मिळणारी हवाच पस्तीस अंशांची. ‘‘मालन, मी गाढव आहे,’’ तो आनंदाने म्हणाला. ‘‘एकोणीस वर्षं मी पाण्यानेच हवा गार केली आणि इथे पंखा लावून बसलोय!’’

पुढचा आठवडा दोघा दोस्तांना पंख फुटले होते. अंबादासने पितळी पत्र्यावर तांब्याची नळी डाखली. या वेळी पांढरी पेस्ट लावली. डार्करूमच्या माळ्यावरच्या टाकीतलं पाणी त्या नळीतून, चकतीच्या तापलेल्या पाठीवरून जायचं आणि फोटो धुवायच्या हौदात पडायचं. तिथे तर वाहतं पाणी लागतंच. डब्याभोवती थर्माकोल. तासाभरात औषध वीसवर आलं आणि तिथेच टिकलं. आधी कोपराने सांगितलं, मग थर्मामीटरनेही मान्य केलं.

आणि मग अंबादासने बॉम्ब टाकला. त्याच्या मुलीचं, कमळचं, लग्न होतं. सगळे म्हणत होते रंगीत फोटो काढा. हा म्हणाला, ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे दशरथच्या डार्करूममध्ये धुतला जाणारा रोल.

‘‘वेडा झालास काय?’’ दशरथ घाबरला. ‘‘काही झालं तर? आधी दुसऱ्या कोणाचा तरी रोल धुतो.’’

‘‘दुसऱ्याची पोर काय फुकटची असता?’’ अंबादास म्हणाला. ‘‘रोल तुझ्याच हातात देतलंय. माका दुसरो कोण नको.’’

लग्नानंतरच्या सोमवारी दशरथने सकाळपासून यंत्र चालू ठेवलं. रोल विसळायचं पाणी गार करून थर्मासमध्ये, रोलवरचं चित्र पक्कं करणारा हायपो गार करून दुसऱ्या थर्मासमध्ये, मग औषध डब्यात. बाहेर बाकावर अंबादास आणि शेठ. औषध तेवीसवर आलं आणि थांबलं. दशरथने कोपर काढून नळीला हात लावला. नळी चटका देत होती. सकाळपासून वाहून वाहून माळ्यावरची टाकी कोरडी पडली होती, आणि नळाला पाणी यायचं संध्याकाळी.

‘‘शेठ!’’ तो दार उघडून ओरडला. ‘‘हौदातलं पाणी परत वर चढवा! चकती जळली तर गेलं सगळं!’’

चंद्रप्रकाश शेठ, सफारी घातलेला, जन्मात बादली न उचललेला माणूस. पण त्या ओरडण्यात काय होतं कोण जाणे, तो उठला आणि शिडीवर चढला. अंबादास खालून बादल्या भरून देतोय, शेठ टाकीत ओततोय, अर्धं पाणी शेठच्या बुटात. शेजारच्या हॉटेलवाल्याने दोन हंडे पाठवले. ‘‘किती झालं?’’ शेठ वरून विचारायचा. ‘‘बावीस!’’ ‘‘अजून?’’ ‘‘एकवीस!’’ विसाचा आकडा ऐकला तेव्हा शेठ माळ्यावरून असा ओरडला, जणू भारताने मॅच जिंकली.

दशरथने दार लावलं. अंधारात रोल धुवायच्या बंद डबीत भरला, औषध ओतलं आणि मिनिटं मोजली. आयुष्यात एवढी भीती त्याला संपात पगाराविना गेलेल्या पहिल्या पगाराच्या दिवशीही वाटली नव्हती.

त्याने ओला रोल बाहेर आणून खिडकीच्या उजेडात धरला. बाराच्या बारा चौकटी स्वच्छ होत्या. शेठने चष्मा लावून एकेक पाहिली, मग ओले बूट काढता काढता म्हणाला, ‘‘कॅसेटी पुढच्या कपाटात ठेवू, परब. मागची भिंत राहू दे.’’ दशरथला हुंदका आला, आणि तो त्याने लपवला नाही.

संध्याकाळी पहिला फोटो त्याने मोठा केला, तोही अंबादासला डार्करूममध्ये उभं करून. हार घालतानाचा नव्हे, एकदम शेवटचा. ट्रेमध्ये आधी मांडवाचा खांब आला. मग खांबाआड तोंड लपवून, नव्या धोतराच्या सोग्याने डोळे पुसणारा एक माणूस.

‘‘कोण रे हा?’’ अंबादास वाकला. दोन दिवस तो सगळ्यांना सांगत होता की पाठवणीला आपण एक टिपूस गाळला नाही.

दशरथ ट्रे हलवत राहिला. कान, मिशी, चेहरा स्पष्ट होत गेला.

‘‘दोन काढ,’’ अंबादास म्हणाला. ‘‘एक कमळला पाठव. बाप रडलो नाय म्हणून रुसून गेली आसा ती.’’