माय फोनवर येईना

पुण्यात वास्तुशास्त्र शिकत असताना एका सत्रासाठी मी कोपनहेगनला गेले. गावी धानोऱ्यात आमचं बियाण्यांचं दुकान आहे. मी निघाले तेव्हा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं. मायला त्या शहराचं नाव उच्चारता येईना, म्हणून ती फक्त 'तठे', म्हणजे तिथे, म्हणायची. "तठे आते काय करी ऱ्हायनी?" तिचा रोज फोन यायचा. तिला अहिराणीशिवाय दुसरी भाषा नव्हती, आणि तिथे मला तिच्याशिवाय अहिराणी बोलायला कोणी नव्हतं.

सुरुवातीला उजेड होता. मग दिवस आखडत गेला. नोव्हेंबरात तर दुपारचा वर्ग सुटेपर्यंत अंधार पडलेला असायचा. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मुलं आपापली ताटली घेऊन यायची, हळू आवाजात दोन शब्द बोलायची आणि खोलीत जाऊन दार लावायची. सायकलवरून परतताना वारा तोंडावर ओल्या फडक्यासारखा बसायचा. मी आजारी नव्हते, पण सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नसे.

त्याच सुमारास माय फोनवर येईनाशी झाली. भाऊ म्हणायचा, "माय वावरमा गयी शे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, ती मावशीकडे कोरीटला गेलीय. मग पुन्हा वावरात. असे तीन आठवडे गेले. शेवटी मी मावशीलाच फोन लावला. माय तिच्याकडे नव्हतीच.

"तुले सांगं नही का कोणी?" एवढं बोलून ती रडायला लागली.

मायला लकवा झाला होता. उजवा हात गेला होता आणि वाचाही गेली होती. नंदुरबारच्या दवाखान्यातून तिला घरी आणूनही बरेच दिवस झाले होते.

मी भावाला व्हिडिओ कॉल केला. त्याने फोन खाटेकडे वळवला. मायचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. मला पाहून तिचे ओठ हलले, पण निघाला तो आवाज तिचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात आम्हा परदेशी विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "खुशाल जा. परीक्षा नंतर देता येईल." मी आप्पांना कळवलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, ये.

"तू एकदम उनी ना," ते म्हणाले, "त तिले वाटी, आते मी चालनी."

आपला शेवट जवळ आला असं मायला वाटू नये, म्हणून मी तिथेच थांबले.

त्यानंतर रोज वहिनी मायसमोर फोन धरायची आणि मी एकटीच बोलायचे. कालव्यावर बर्फ जमला, पाव विटेसारखा घट्ट असतो, आज सायकल घसरली. बोलायचं संपलं की मी खिडकीबाहेरचं दाखवायचे. बाहेर काळोखच असायचा. एकदा मी स्वयंपाकघरात बसून बोलत होते. समोर बटाटे सोलणाऱ्या मुलीने विचारलं, "तुझी आई काहीच बोलत नाही?" मी सांगितलं. ती सुरी ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने मायला हात हलवून दाखवला. मायने डावा हात थोडा उचलला. त्या मुलीचे डोळे भरून आले. माझे कोरडेच राहिले.

जानेवारीत परतले. भाऊ स्टेशनवर घ्यायला आला होता. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या लाल पसरल्या होत्या. ठसका लागून आम्ही दोघंही खोकत राहिलो, त्यामुळे फारसं बोलावं लागलं नाही.

माय ओट्यावर खुर्चीत बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने डावा हात माझ्या केसांतून फिरवला आणि काहीतरी म्हणाली. एक लांब, घोगरा, न तुटणारा आवाज. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"काय, माय?"

ती पुन्हा तेच म्हणाली. या वेळी जरा चिडून.

वहिनी आतून आली. तिने मायकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, पाठमांगली उशी खाल कर म्हनस."

मी उशी खाली सरकवली. मायने मान हलवली. तसं नाही. वहिनीने पुढे होऊन एका हाताने ती नीट केली, तशी मायने डोळे मिटून घेतले.

त्या महिन्यांत घराने मायभोवती नवी घडी बसवली होती. तिला केव्हा पाणी हवं, केव्हा राग आला, केव्हा नुसतं बसायचंय, हे वहिनीला कळत होतं, भावाच्या लहान मुलीलाही कळत होतं. मला विचारावं लागत होतं. सुट्टी संपेपर्यंत मी थोडं शिकले, आणि मग पुण्याला जायची वेळ झाली.

आता मी नाशिकला नोकरी करते. मायची वाचा परत आली नाही. फोन करते तेव्हा ती त्याच घोगऱ्या आवाजात बोलते, आणि पलीकडून वहिनी मला अर्थ सांगते.